नव्या परिसरात दोघांचे बिऱ्हाड : ठाणे–नवी मुंबईत घर हलवताना

कळव्याहून नेरुळला बिऱ्हाड हलवल्याच्या तिसऱ्या दिवशी, रात्री पावणेदहाच्या सुमारास, मी नव्या सोसायटीच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा वॉचमनने वही पुढे सरकवून विचारले, "मॅडम, कोणाकडे जायचंय?" "घरी," असे मी म्हणाले खरे, पण सदनिकेचा क्रमांक काही केल्या आठवेना. घर नवऱ्याने पाहिले होते, करार त्याच्या एकट्याच्या नावावर झाला होता आणि सामान आले त्या दिवशी मी टेम्पोच्या मागून रिक्षाने आले होते. वहीत भाडेकरू म्हणून त्याचेच नाव होते, तो कामासाठी पुण्याला गेलेला आणि त्याचा फोन बंद. रिकामा डबा मांडीवर घेऊन मी अर्धा तास फाटकाजवळच्या बाकावर बसले. वॉचमनचे काहीच चुकले नव्हते.

त्यानंतर आम्ही आणखी दोनदा घर बदलले आणि दोन्ही वेळा प्रत्येक कामाला एकच कसोटी लावली : ही गोष्ट आपल्यापैकी एकालाच ठाऊक आहे का? तसे असेल तर ते काम अर्धवट झाले आहे असे समजायचे. पुढचे टप्पे त्याच कसोटीवर लिहिले आहेत. ते भाड्याच्या घरासाठी आहेत, तरी विकतच्या घरात राहायला जाणाऱ्यांनाही करार सोडून बाकीचे बरेचसे लागू पडेल.

आधी प्रवास, मग भाडे

घराचा शोध बहुतेक जण भाड्याच्या आकड्यापासून सुरू करतात. दोघेही नोकरी करत असतील तर तो प्रवासापासून सुरू करावा, कारण भाड्यात वाचलेले दोन हजार रुपये रोजच्या रिक्षात आणि चिडचिडीत कधी संपतात ते कळतही नाही. ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारा ट्रान्स-हार्बर लोकलमार्ग २००४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे एकाची कचेरी मुलुंडला किंवा ठाण्याला आणि दुसऱ्याची महाप्याला किंवा वाशीला असेल, तर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही मधली स्थानके दोघांनाही सोयीची पडतात. जानेवारी २०२४ पासून त्यांत दिघा गावाची भर पडली आहे. मात्र या मार्गावर जलद गाडी नाही आणि दोन गाड्यांमधले अंतर मुख्य मार्गाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे एक गाडी चुकणे महागात पडते. शिवाय ठाण्याला गाडी बदलताना गर्दीच्या वेळी पुलावरून नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटाकडे जाण्यात जी मिनिटे मोडतात, ती कोणत्याच वेळापत्रकात छापलेली नसतात.

दोघांपैकी एकाला फोर्ट किंवा चर्चगेटच्या बाजूला जायचे असेल, तर हिशेब बदलतो. ठाण्याहून मुख्य मार्गावर जलद गाडी मिळते, तर नेरुळ-वाशीहून हार्बरची गाडी प्रत्येक स्थानक घेत जाते. पण नेरुळला चढताना निदान उभे राहायला नीट जागा मिळते, आणि ठाण्याला सकाळी साडेआठच्या जलद गाडीत शिरणे हे ज्याचे त्याने अनुभवूनच ठरवावे. 'ठाण्यात घर' या शब्दांनीही फसू नये. नौपाडा किंवा चरईतून स्थानकाला चालत जाता येते. कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने स्थानक गाठणे हा मात्र लोकलच्या आधीचा एक वेगळा प्रवासच आहे. खारघरचेही तसेच. तिथली मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ती बेलापूरहून उत्सव चौक, सेंट्रल पार्क असे करत पेंधरपर्यंत जाते. पण ती खारघर रेल्वे स्थानकाला लागत नाही, हे वरच्या सेक्टरांत घर घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात येते.

म्हणून घर पसंत करण्याआधी दोघांनी आपापला प्रवास एकदा करून पाहावा : इमारतीच्या फाटकापासून कचेरीच्या दारापर्यंत, नेहमीच्या वेळी आणि कामाच्या दिवशी. रविवारी करू नये, कारण रविवारी मेगाब्लॉक असला तर वेळ उगाच फुगते आणि नसला तर गर्दी नसल्यामुळे उगाच कमी दिसते. परतीचा प्रवासही करावा आणि स्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्यांना शेअर रिक्षा रात्री किती वाजेपर्यंत मिळते ते विचारावे. दोघांच्या वेळांची बरोबरी साधण्याचा आग्रह मी धरत नाही. एकाला सत्तर मिनिटे आणि दुसऱ्याला तीस लागत असतील तरी चालते, पण रात्री उशिरा परतणाऱ्याचा स्थानक ते घर हा शेवटचा तुकडा छोटा, उजेडाचा आणि माणसांच्या वर्दळीचा असला पाहिजे. त्यासाठी दुसऱ्याने दहा मिनिटे जास्त चालावे.

पत्ता म्हणजे नेमके काय

नवी मुंबईत प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरुळ अशा प्रत्येक उपनगरात, सेक्टरांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे नुसते "सेक्टर आठ" म्हटले तर ते वाशीचेही असू शकते, नेरुळचेही आणि ऐरोलीचेही. नोड, सेक्टर, भूखंड क्रमांक आणि इमारतीचे नाव हे चारही असल्याशिवाय पत्ता पूर्ण होत नाही. हे चार शब्द घर नक्की होताच दोघांच्याही फोनमध्ये असावेत, आणि मी तर म्हणेन की पहिले पंधरा दिवस ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटातही ठेवावेत.

'नवी मुंबई' हे एकच प्रशासन आहे असेही समजू नये. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेकडे आहे आणि तो ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत आणि त्यांचा जिल्हा रायगड. याचा परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतो : कचऱ्याची तक्रार कुठे करायची, मतदार यादी कोणती, गाडीवरचा पत्ता बदलायला एमएच-४३ च्या कार्यालयात जायचे की एमएच-४६ च्या, हे सगळे त्या सीमारेषेवर ठरते. पाण्याचेही तेच. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. खारघरसारख्या नोडमध्ये पाण्यासाठी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे बघावे लागते. ठाणे महापालिकेला स्वतःच्या योजनेबरोबरच स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी मिळते, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन भागांत पाणी बंद असण्याचा दिवस वेगवेगळा असू शकतो. घर दाखवणाऱ्या एजंटला "पाणी चोवीस तास आहे ना?" असे विचारले तर तो "हो" म्हणणारच. त्याऐवजी वॉचमनला विचारावे : नळाला पाणी किती वाजता येते, आणि मागच्या महिन्यात टँकर किती आले?

गावठाणातल्या इमारतींमध्ये भाडे बरेच कमी असते आणि माणसे जोडली जातात, हे खरे. पण त्यातल्या अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, नसते, म्हणून ते मागून पाहावे आणि मगच ठरवावे. सिडकोच्या जुन्या वसाहतींत घर घेताना पुनर्विकासाचे काय चालले आहे ते सेक्रेटरींना थेट विचारावे. सोसायटीने विकासक नेमला असेल, तर अकरा महिन्यांनी तुम्हाला पुन्हा खोकी बांधावी लागतील.

घर तीनदा पाहावे

एकदा दिवसा, एकदा रात्री आणि जमले तर एकदा पावसात. दिवसा उजेड आणि वारा कळतो. रात्री दहाला खिडकी उघडून पाच मिनिटे उभे राहिले की कारखानदारी पट्ट्याचा वास, खाली गाड्या लावण्यावरून होणारी भांडणे आणि वरच्या मजल्यावरचे मिक्सर हे सगळे आपोआप कळते. पावसात भिंती बोलतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घर शोधत असाल तर ती अडचण मानू नका. एरवी नव्या रंगाखाली जी ओल झाकली जाते, ती या दिवसांत झाकत नाही. न्हाणीघराच्या दुसऱ्या बाजूची भिंत, खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा, माळ्याची आतली बाजू आणि वरच्या घराच्या मोरीखाली येणारे छत, एवढ्या चार ठिकाणी हात फिरवून पाहावा. कपाटामागचा भाग दाखवायला मालक टाळाटाळ करत असेल, तर कपाट हलवायला मी स्वतः मदत करते असे म्हणावे.

तळमजला घेताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नवी मुंबईतली बरीच जमीन खाडीलगतची आणि सखल आहे. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडता यावे म्हणून सिडकोने जागोजागी धारण तलाव बांधले आहेत. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागांत पाणी तुंबते. समोरच्या किराणा दुकानात सर्वांत खालची फळी जमिनीपासून किती वर आहे ते पाहावे. दुकानदार विनाकारण फळी उंच करत नाही.

घर पाहायला दोघांनी एकत्र जाता आले नाही, तर एकाने पाहून दुसऱ्याला व्हिडिओ पाठवणे पुरेसे नाही. व्हिडिओत स्वयंपाकघर मोठे दिसते आणि ओट्याची उंची दिसत नाही. ओट्याशी रोज जो उभा राहणार आहे, त्याने तिथे एकदा उभे राहिलेच पाहिजे. आमच्या घरी तो मान नवऱ्याचा आहे, आणि नेरुळचा ओटा त्याच्या कमरेला इतका खाली पडत असे की चार महिने तो पाठ धरून फिरला.

करार : दोन नावे, एक दस्त

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे भाड्याचा करार 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक काळ घर वापरण्याचा परवाना, या स्वरूपात होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता साफ चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. ती केली नाही तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. म्हणून "स्टँप पेपरवर नोटरी करून घेऊ, तेवढेच पैसे वाचतील," असे कोणी सुचवले तर नम्रपणे नाही म्हणावे.

वाचणारे पैसेही फारसे नसतात. मुद्रांक शुल्क करारकाळातले एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. भाडे ३०,००० रुपये, अनामत १,००,००० रुपये आणि मुदत अकरा महिने असेल, तर भाडे ३,३०,००० अधिक व्याज सुमारे ९,१६७ अशी बेरीज होते आणि शुल्क साधारण ८५० रुपये येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. याखेरीज घरी येऊन बोटांचे ठसे घेणारा आणि दस्त ऑनलाइन भरणारा आपली फी घेतो. ती आधी विचारावी आणि कोणी किती द्यायची तेही ठरवावे. एजंटची दलाली बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

आता मुख्य मुद्दा. करारात परवानाधारक म्हणून दोघांचीही नावे घालावीत. "एकाचं नाव असलं तरी चालतं, दुसऱ्याला कुटुंबीय म्हणून दाखवू," असे एजंट हमखास म्हणतो, कारण त्याला एकाच माणसाचे ठसे घ्यावे लागतात. पण दुसऱ्याचे नाव नसले की त्याला त्या घराच्या पत्त्याचा स्वतःचा पुरावा राहत नाही. बँक, आधार, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी तो पहिल्याच्या कागदाच्या आधाराने उभा राहतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्या दोघांनाही याचा सरळ फायदा आहे : भाडे निम्मे-निम्मे आपापल्या खात्यातून मालकाला पाठवले, तर प्रत्येकाला आपण भरलेल्या हिश्श्यावर सवलत मागता येते. वरच्या उदाहरणात प्रत्येकाचा हिस्सा वर्षाला १,८०,००० रुपये होतो, आणि तो १,००,००० च्या वर असल्यामुळे मालकाचा पॅन क्रमांक कचेरीत द्यावा लागतो. तो करारातच लिहून घ्यावा, मार्चमध्ये मागायला गेल्यावर मालकाचा फोन लागत नाही.

अटी वाचताना चार जागी थांबावे. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचे आहे आणि ते दोन्ही बाजूंना सारखे आहे का. घर सोडताना रंगासाठी किती रक्कम कापणार. गीझर, पंखे, नळ यांची दुरुस्ती कोणाकडे. आणि सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के असू शकते आणि ते द्यायचे असते मालकाने. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी ते आमच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला. नियम दाखवल्यावर विषय मिटला, पण त्यासाठी नियम ठाऊक असावा लागला.

मुदत संपल्यावर घर रिकामे केले नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाडे भरपाई म्हणून द्यावे लागते. त्यामुळे संपण्याची तारीख दोघांच्याही कॅलेंडरमध्ये, दोन महिने आधीच्या आठवणीसह, त्याच दिवशी लिहून टाकावी. भाडेकरूंची माहिती पोलिसांना देण्याचे काम मालकाचे असते. ती दिल्याची पोच मागून घ्यावी आणि तिच्यावरही दोन्ही नावे आहेत ना, ते पाहावे.

लग्न न झालेल्या जोडप्यांना इथे जास्त धावपळ करावी लागते. दोन प्रौढ व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले आहे आणि करारात विवाह प्रमाणपत्र जोडावे असा कायद्याचा दंडक नाही. तरी मालकाला घर देणे-न देणे त्याच्या हाती असते आणि सोसायटीत कुजबुज होतेच. खोटे नाते सांगून घर मिळवू नये. ते एक ना एक दिवस उघडे पडते आणि मग अनामत अडकते. पहिल्याच फोनवर परिस्थिती सांगितली तर दहातले काही मालक फोन ठेवतील, पण जे ठेवणार नाहीत त्यांच्या घरात तुम्हाला मोकळेपणाने राहता येईल.

सामान आणि मुहूर्त

घरातल्या मोठ्यांचा मुहूर्ताचा आग्रह असेल, तर वाद घालत बसू नये. चांगल्या दिवशी टेम्पोवाल्यांचे दर चढतात आणि हमाल मिळत नाहीत, म्हणून आम्ही त्या दिवशी फक्त देव, मीठ, झाडू आणि भरलेली कळशी नेली, शेगडीवर दूध उतू घातले, सासूबाई समाधानाने घरी गेल्या आणि टेम्पो नंतरच्या मंगळवारी दुपारी आणला. मंगळवारी दुपारी घोडबंदर रस्तासुद्धा माणसासारखा वागतो.

टेम्पो ठरवण्याआधी नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून सामान आणण्याच्या वेळा, लिफ्ट वापरण्याचे नियम आणि त्यासाठीची अनामत विचारून घ्यावी. अनेक ठिकाणी रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर सामान चढवू देत नाहीत. लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळण टेपने मोजावे. लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावले नाही, तर हमाल प्रत्येक मजल्याचे वेगळे पैसे मागतात, आणि पाचव्या मजल्याच्या पायथ्याशी उभे राहून घासाघीस करण्यात तुमचीच बाजू लंगडी असते. दर ठरवताना मजला, लिफ्ट, टोल आणि कपाटे-पलंग जोडून देणे हे सगळे धरून एकच आकडा मेसेजवर लिहून घ्यावा.

खोक्यांवर 'स्वयंपाकघर', 'बेडरूम' असे लिहितातच. आम्ही दोघांच्या नावाचे एकेक खोकेही करतो. त्यात दोन दिवसांचे कपडे, चार्जर, औषधे, कचेरीचे ओळखपत्र आणि त्या माणसाला लागणाऱ्या त्याच्या-तिच्या वस्तू असतात. तिसरे खोके चहाचे : पातेले, गाळणी, साखर, चहापूड, दोन कप, काडेपेटी. हे तिसरे खोके टेम्पोत सर्वांत शेवटी चढवावे, म्हणजे ते सर्वांत आधी उतरते.

वीज, गॅस आणि पाण्याची किल्ली

किल्ल्या हाती येताच तळमजल्यावरच्या मीटरखोलीत जाऊन आपला मीटर कोणता ते ओळखावे आणि त्यावरच्या आकड्याचा फोटो काढावा. ठाण्याचा बराचसा भाग आणि नवी मुंबई महावितरणकडे आहे. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात मार्च २०२० पासून टोरंट पॉवर वीज वितरण पाहते. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक दोघांनीही टिपून ठेवावा आणि मागचे बिल भरल्याची पावती मालकाकडून घ्यावी. बिल मालकाच्याच नावावर राहते, फक्त मेसेज आपल्या फोनवर येतील अशी सोय करून घ्यावी.

घरात महानगर गॅसची नळजोडणी असेल, तर तिच्याही मीटरचा फोटो काढावा. सिलिंडरची शेगडी नळाच्या गॅसला तशीच जोडता येत नाही, तिचे जेट बदलावे लागतात, आणि ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. जोडणी नसेल तर जुन्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून त्याचे व्हाउचर घ्यावे आणि ते नव्या एजन्सीत दाखवावे. हे घर हलवण्याच्या चार-पाच दिवस आधी सुरू करावे.

घरात शिरल्यावर पहिल्या तासात दोघांनी मिळून पाण्याचा मुख्य कॉक, गॅसचा कॉक आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे ते पाहावे आणि प्रत्यक्ष बंद करून पुन्हा सुरू करावे. मध्यरात्री नळाचा सांधा निसटतो तेव्हा दुसरा माणूस फोनवर उंटावरून शेळ्या हाकत असतो, आणि पाणी तोवर बैठकीच्या खोलीत आलेले असते. मालकाला परत द्यायच्या दिवसासाठी प्रत्येक खोलीचे, भेगांसह आणि डागांसह, फोटो याच तासात काढून त्याला पाठवून द्यावेत.

फाटक, शेजार, गल्ली

पहिल्याच दिवशी फाटकावरच्या वहीत, इंटरकॉमच्या यादीत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आणि असल्यास फाटकाच्या अ‍ॅपमध्ये दोघांची नावे आणि दोघांचे फोन क्रमांक द्यावेत. वॉचमनला दोघांनी स्वतः भेटून नाव सांगावे. किल्ल्यांचे तीन जोड करावेत. तिसरा जोड महिना-दोन महिन्यांनी ज्या शेजाऱ्यांवर विश्वास बसेल त्यांच्याकडे.

शेजाऱ्यांकडे जाताना काहीतरी मागायला जाणे हे पेढे घेऊन जाण्यापेक्षा चांगले, असे माझे मत आहे. "काकू, इथे कचरा किती वाजता नेतात? ओला-सुका वेगळा लागतो ना?" एवढ्या प्रश्नावर आमच्या शेजारच्या काकूंनी कचऱ्याची वेळ, कामवाल्या मावशींचा फोन, चांगली गिरणी आणि सेक्रेटरींशी कुठल्या विषयावर बोलू नये, हे सगळे दारातच उभे राहून सांगितले.

पहिल्या दोन आठवड्यांत परिसर दोघांनी वेगवेगळा पायाखाली घालावा. दोघे एकत्र फिरले की एकाचे लक्ष रस्त्याकडे असते आणि दुसरा त्याच्या मागे चालतो. एकाने दूध, किराणा, औषधांचे दुकान आणि जवळचा दवाखाना शोधावा, दुसऱ्याने भाजीबाजार, इस्त्रीवाला, बसथांबा आणि रात्रीपर्यंत उघडे असणारे पोळीभाजी केंद्र. पुढच्या आठवड्यात अदलाबदल करावी. रात्री आपत्कालीन विभाग चालू असणारे जवळचे रुग्णालय मात्र दोघांनीही प्रत्यक्ष जाऊन पाहावे. घाऊक कांदे-बटाटे किंवा वर्षाचा मसाला घ्यायचा असेल तर तुर्भ्याचे एपीएमसी मार्केट आहे, ठाणेकरांना जांभळी नाका आहे, पण ही चैन महिन्यातून एकदा. रोजच्या कोथिंबिरीसाठी चालत जाता येईल असा भाजीवाला शोधावा. ठाण्यात राहायला गेलात तर १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हावे. नव्या गावात कोणी ओळखीचे नसते तेव्हा संध्याकाळी जाऊन बसायला असे एखादे ठिकाण लागतेच.

पत्ता बदलण्याची कामे

नोंदणीकृत करार हाती असला की ही कामे सोपी होतात. आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो; करारात एकाचेच नाव असेल तर दुसऱ्याला कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याचा मार्ग आहे, पण त्यासाठी नात्याचा पुरावा लागतो. मतदार यादीसाठी नमुना ८ भरावा; नवे नाव नोंदवण्याचा नमुना ६ भरला तर दोन ठिकाणी नाव राहण्याची भीती असते. दिघा ते कोपरखैरणे ऐरोली मतदारसंघात येते आणि वाशी-नेरुळचा भाग बेलापूर मतदारसंघात. हे ठाऊक असेल तर यादीत नाव शोधणे सोपे जाते. बँक, विमा, गाडी आणि कचेरी यांना एकेक शनिवार द्यावा.

करार संपायला दोन महिने उरल्याची आठवण फोनवर वाजली की दोघांनी चहा करून बसावे आणि मालकाला फोन करण्याआधी चार गोष्टी आपसात बोलून घ्याव्यात : भाडेवाढ किती मान्य आहे, कोणाच्या प्रवासात काय बदलले आहे, पावसाळ्यात कुठली भिंत ओली झाली होती आणि कोणाला इथून हलायचे नाही. मागच्या खेपेला चौथ्या प्रश्नाला आम्ही दोघांनी एकदमच हात वर केला. मग दुरुस्तीची यादी त्याने लिहिली आणि मालकांना फोन मी केला.